बार्शीची पेठ, कोबेचं बंदर

१९३३ सालच्या जूनमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, जपानच्या सूतगिरणी मालकांनी ठरवलं की हिंदुस्थानचा कापूस यापुढे घ्यायचा नाही. माजलगाव-गेवराईकडच्या काळ्या रानात तेव्हा कुणी पाभर जुंपली होती, कुणी मृगाच्या पावसाची वाट पाहत होतं. ओसाका नावाचं गाव कुठल्या मुलखात आहे, हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण दिवाळीच्या पुढेमागे जी बोंडं फुटणार होती, त्यांचा भाव ओसाका, लंडन आणि सिमला या तीन गावांच्या ओढाताणीत अडकला होता.

ब्रिटिश साम्राज्य आणि जपान यांच्या संबंधांचा इतिहास आपण बहुधा तहांच्या आणि लढायांच्या तारखांनी वाचतो. १९०२ची मैत्री, १९४२चा सिंगापूरचा पाडाव, १९४४चं इंफाळ आणि कोहिमा. कापूस पिकवणाऱ्या मुलखात उभं राहून पाहिलं तर मात्र हा इतिहास बराच वेगळा दिसतो. साम्राज्याचं जपानविषयी एकच एक धोरण कधी नव्हतंच. आरमाराला जपान मित्र म्हणून हवा होता, मँचेस्टरच्या कापडवाल्यांना तो नकोच होता आणि दिल्लीच्या सरकारला तो गिऱ्हाईक म्हणून टिकवायचा होता. तिघांची सोय एकदम लागणं शक्य नव्हतं. दर वेळी कुणाला तरी मागे सारलं जाई, आणि त्याचा हिशेब अखेर कापसाच्या गाठीवर चढे.

आधी माजलगाव-गेवराईच्या बीड जिल्ह्याचा भूगोल. जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद सुभ्यात होता. पश्चिमेचा नगर जिल्हा ब्रिटिशांचा, म्हणजे बीड थेट हद्दीवरचं. बार्शीची पेठ हद्दीपलीकडे, पण माल बराचसा निजामाच्या मुलखातून येणारा. हद्द ओलांडायची तर निजामाची करोडगिरी, म्हणजे शेकडा पाच जकात, भरावी लागे. व्यवहारात निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजांचा कलदार अशी दोन नाणी. साधारण एकशे सोळा-सतरा हाली रुपये दिले की शंभर कलदार मिळायचे. बार्शीला १८९७ साली छोट्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे आली. उत्तरेकडे जालना, सेलू, परभणी ही गावं १९००च्या सुमारास गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेने मनमाडला, आणि तिथून मुंबईला, जोडली गेली. खुद्द बीड शहरात आगगाडी यायला २०२५ साल उजाडलं! तेव्हा कापूस बैलगाडीने पेठेला जायचा. तिथे सरकी निघायची, रुईच्या दाबून गाठी व्हायच्या आणि त्या मुंबईला रवाना व्हायच्या.

मुंबईच्या बाजारात या भागातल्या कापसाला ‘बार्शी-नगर’ असा स्वतंत्र वर्ग होता. वऱ्हाड, खानदेश, मध्य प्रांत, हैदराबादची गावरानी हे सगळे आणि हा, मिळून ‘उमरा’ या मोठ्या नावाखाली विकले जात. धागा आखूड. लँकेशायरच्या बारीक सुताला तो चालत नसे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, तेव्हा इंग्रज गिरण्यांनी आपला माल नाक मुरडत उचलला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. लढाई संपताच मँचेस्टर पुन्हा अमेरिकेकडे वळलं आणि सट्ट्यावर उभी राहिलेली श्रीमंती कोसळली. आखूड धाग्याला मोठं, टिकाऊ गिऱ्हाईक हवं होतं, ते वीस-पंचवीस वर्षांनी पूर्वेकडून आलं.

इंग्रज आणि जपानी यांची गाठ त्याच्या कितीतरी आधी पडली होती. ईस्ट इंडिया कंपनीने १६१३ साली जपानच्या हिराडो बंदरात वखार घातली; धंदा जमेना म्हणून दहाच वर्षांत ती उठवली. पुढे दोन शतकं जपानने डच वगळता युरोपीयांना दार बंद ठेवलं. अमेरिकी जहाजांनी ते दार ढकलल्यावर इंग्रजही १८५४ साली आत शिरले आणि १८५८ साली त्यांनी असा तह लादला की जपानात गुन्हा केलेल्या इंग्रजाचा खटला इंग्रज वकिलातच चालवील आणि जपानने जकात किती घ्यावी हेही परकेच ठरवतील. एका इंग्रज व्यापाऱ्याच्या खुनाची भरपाई मिळेना म्हणून १८६३ साली इंग्रज आरमाराने कागोशिमा शहरावर तोफा डागल्या. ज्या सात्सुमा संस्थानचं ते शहर, त्यानेच मग इंग्रजांकडून जहाजं घेतली, आपली पोरं लंडनला शिकायला धाडली. मार खाऊन मारणाऱ्याचीच विद्या घ्यायची, ही जपानी रीत तेव्हापासूनची.

सूतगिरणीच्या बाबतीतही हेच झालं. शिबुसावा एइइची या उद्योजकाच्या पुढाकाराने उभी राहिलेली ओसाका सूतगिरणी १८८३ साली सुरू झाली. साडेदहा हजार चात्या, आणि यंत्रं इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. थोड्याच वर्षांत तिथे विजेचे दिवे लागले आणि गिरणी रात्रपाळीतही चालू लागली. एकाच यंत्राकडून दुप्पट काम. आधी चिनी कापूस, मग हिंदुस्थानचा. जपानी गिरण्यांचं खरं कसब मिसळणीत होतं. आखूड हिंदी रुईत थोडी लांब धाग्याची अमेरिकी रुई अशा बेताने मिसळायची, की सूत जाडसर पण एकसारखं निघावं आणि खर्च उतरावा. मँचेस्टरला जो माल हलका वाटे, त्याच्यावर ओसाका मोठं झालं.

आता मुंबईहून कापूस कोबेला न्यायचा कसा? इथे साम्राज्य आडवं आलं. या मार्गावर पी. अँड ओ. या इंग्रज कंपनीने ऑस्ट्रियन आणि इटालियन कंपन्यांशी संगनमत केलं होतं. टनामागे भाडं सतरा रुपये. पी. अँड ओ. टपाल नेई आणि त्यासाठी तिला सरकारी पैसाही मिळे. जमशेटजी टाटा नागपूरच्या एम्प्रेस मिलचे मालक, चीन-जपानला सूत पाठवणारे. त्यांना हे भाडं डाचत होतं. १८९३ साली ते जपानला गेले आणि निप्पॉन युसेन काइशा या जहाज कंपनीशी त्यांनी बोलणं केलं. अट पडली की जोखीम अर्धी तुम्ही घ्यायची. टाटांनी ‘अ‍ॅनी बॅरो’ नावाचं जहाज महिना १,०५० पौंडांनी भाड्याने घेतलं आणि टाटा लाइन सुरू केली. जपानी कंपनीचं ‘हिरोशिमा मारू’ ७ नोव्हेंबर १८९३ रोजी कोबेहून मुंबईला निघालं. जपानची दूर समुद्रातली पहिली नियमित वाहतूक ती हीच. (याच प्रवासात योकोहामाहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या बोटीवर टाटांची आणि विवेकानंदांची भेट झाली. ती भेट सगळ्यांना पाठ आहे. टाटा त्या दिवसांत कुठल्या कामात होते, हे फारसं कुणी सांगत नाही.)

नव्या जोडीने बारा रुपये भाडं लावलं. पी. अँड ओ.ने उत्तरादाखल सतराचं थेट दीड रुपयावर आणलं. दीड रुपयात कोळशाचाही खर्च निघत नव्हता. प्रतिस्पर्धी बुडेपर्यंत तोटा सोसायचा एवढाच हेतू. टाटांनी भाड्याच्या या युद्धावर पत्रक काढलं, लंडनला भारतमंत्र्यांच्या कार्यालयापर्यंत तक्रार नेली. सरकारी पैसा घेणारी कंपनी त्याच राज्यातल्या रयतेचा धंदा मारते आहे, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. उपयोग झाला नाही. मुंबईचे व्यापारी स्वस्त भाड्याला भुलून एकेक करून पी. अँड ओ.कडे परतले, आणि लाखाहून जास्त रुपये घालवून टाटांनी आपली लाइन बंद केली.

जपानी कंपनी मात्र टिकली. तिच्या पाठीशी गिरणीमालकांची संघटना होती. दुसऱ्याने फुकट नेतो म्हटलं तरी कापूस आपल्याच जहाजातून आणायचा, असं त्यांनी लेखी बांधून घेतलं होतं. अखेर १८९६ साली पी. अँड ओ.ने तडजोड करून तिला मार्गावर जागा दिली. संघटनेच्या बळावर साम्राज्याची मक्तेदारी मोडता येते, हे ओसाकाने दाखवलं; मुंबईत ती एकी नव्हती. आणि यातली खरी मेख वेगळीच. स्वस्त भाड्याने हिंदी रुई जपानला पोचली. तिथल्या सरकारने १८९४ साली सुतावरची निर्यात जकात आणि १८९६ साली कापसावरची आयात जकात उठवली. १८९७ साली जपानची सुताची निर्यात आयातीच्या पुढे गेली. मुंबईचं सूत आधी जपानमधून आणि मग हळूहळू चीनमधूनही बाहेर पडलं. टाटांच्या त्या उठाठेवीचा फायदा कापूस पिकवणाऱ्याला झाला, सूत काढणाऱ्याला नाही. गिरणगाव आणि शेतशिवार यांचे हितसंबंध एकच असतात, असं समजणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा.

समुद्रावर हे चाललेलं असताना लंडनला जपानची किंमत वेगळ्याच कारणाने कळू लागली होती. रशिया मंचुरियात उतरत होता. १८९४ सालच्या नव्या तहाने इंग्रजांनी जपानातले आपले खास न्यायाधिकार सोडायचं मान्य केलं, आणि ३० जानेवारी १९०२ रोजी लॉर्ड लॅन्सडाउन आणि हायाशी तादासू यांनी लंडनमध्ये मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. बरोबरीच्या नात्याने एका आशियाई देशाशी केलेला हा करार. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९०५मध्ये, तो नव्याने झाला तेव्हा त्यात हिंदुस्थान आला. हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या रक्षणात ब्रिटनचा खास हितसंबंध आहे, तिथे लागेल ती तजवीज करायचा ब्रिटनचा हक्क जपानला मान्य आहे, असं कलम पडलं. त्याच वर्षी मे महिन्यात त्सुशिमाच्या समुद्रात जपानने रशियाचं आरमार बुडवलं होतं आणि पुण्या-मुंबईची तरुण पोरं हरखून गेली होती. ज्या जपानकडे पाहून ती स्वातंत्र्याची स्वप्नं रंगवत होती, त्याने त्यांच्या देशावरचा इंग्रजांचा ताबा कागदावर कबूल केलेला होता.

ही कबुली नुसती कागदावर राहिली नाही. फेब्रुवारी १९१५मध्ये सिंगापुरात हिंदी शिपायांच्या ५व्या लाइट इन्फन्ट्रीने बंड केलं, तेव्हा ते मोडायला जपानी खलाशी उतरले. त्याच वर्षी रासबिहारी बोस जपानला पळाले. इंग्रजांनी त्यांना ताब्यात मागितलं आणि जपान सरकारने देशाबाहेर जायचा हुकूमही काढला. तोक्योतल्या एका बेकरीवाल्या कुटुंबाने त्यांना लपवून ठेवलं म्हणून ते वाचले.

पहिल्या महायुद्धाने हे सोयीचं समीकरण बिघडवलं. लँकेशायरची जहाजं युद्धात गुंतली आणि हिंदुस्थानच्या बाजारात जपानी कापड शिरलं. तोयो मेन्का, निहोन मेन्का आणि गोशो या तीन मोठ्या जपानी कापूस पेढ्या मुंबईवर थांबल्या नाहीत; आतल्या पेठांत आपली माणसं बसवून थेट खरेदी करू लागल्या. अडत्याला नवा खरेदीदार मिळाला, शेतकऱ्याला चढाओढीचा थोडा फायदा. मैत्रीचा करार मात्र अमेरिकेला खुपत होता. १९२१ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत चार सत्तांचा गुळमुळीत करार करून त्याची जागा भरली गेली आणि ऑगस्ट १९२३मध्ये तो औपचारिकपणे संपला. त्याआधी १९१९ साली पॅरिसमध्ये जपानने वांशिक समानतेचं कलम मागितलं होतं; ऑस्ट्रेलियाच्या हट्टापुढे ब्रिटनने ते होऊ दिलं नाही. तो सल जपानी लोकांच्या मनात राहिला.

पुढच्या दशकात तर पारडंच फिरलं. सकिची तोयोदा यांनी १९२४ साली असा स्वयंचलित माग तयार केला की एक बाई एकावेळी कितीतरी मागांवर लक्ष ठेवू शकेल. १९२९ साली त्याचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले ते ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी. ओसाकाला पहिली यंत्रं विकणारी कंपनी हीच. (तोयोदांच्या मुलाने पुढे मोटारी काढल्या, त्या आज बीडच्या रस्त्यांवरही धावतात.) डिसेंबर १९३१मध्ये जपानने सोन्याचं परिमाण सोडलं आणि येनची किंमत वर्षभरात निम्म्याहून खाली आली. रुपया मात्र एक शिलिंग सहा पेन्सला पौंडाशी बांधलेला. जपानी कापड इतकं स्वस्त झालं की मुंबईच्या गिरण्या आणि लँकेशायर, एरवीचे हाडवैरी, एका सुरात ओरडू लागले.

सरकारने जकातीची चढण लावली. १९३० साली ब्रिटिश कापडावर शेकडा पंधरा आणि इतरांवर वीस. १९३२च्या ऑगस्टमध्ये इतरांवर पन्नास. जून १९३३मध्ये पंच्याहत्तर. ‘इतर’ म्हणजे कोण, हे उघड होतं. त्या आधी एप्रिलमध्ये जपानशी असलेला १९०४चा व्यापारी करार मोडीत काढल्याची नोटीस दिली गेली होती. त्यावर जपानी गिरणीमालकांनी हुकमाचं पान टाकलं: कापूस बंद. हिंदुस्थानच्या कापूस निर्यातीतला जवळजवळ निम्मा माल एकटा जपान उचलत होता. जागतिक मंदीने भाव आधीच पाताळात गेलेले, सारा मात्र जुन्या दराने. अशा वेळी सर्वांत मोठं गिऱ्हाईक पाठ फिरवून उभं राहिलं.

सप्टेंबरमध्ये सिमल्याला बोलणी सुरू झाली. हिंदुस्थानच्या बाजूचे प्रमुख होते व्हाइसरॉयच्या मंडळातले व्यापार सदस्य सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पुढे आरोग्यसेवेवरच्या भोर समितीमुळे ते नाव लक्षात राहिलं, पण माझ्या मते त्यांची अधिक कठीण परीक्षा सिमल्यात झाली. समोर सेत्सुझो सावादा. भोरांच्या मागे तीन बाजूंनी ओढणारी माणसं: मुंबईच्या गिरणीमालकांना जपानी कापड बंद हवं, लँकेशायरला आपल्याला झुकतं माप हवं, आणि कापूस पिकवणाऱ्या प्रांतांना काहीही करून गिऱ्हाईक परत हवं. ऑक्टोबरात मुंबईचे होमी मोदी आणि लँकेशायरचे क्लेअर-लीज यांनी आपसात वेगळा करारच करून टाकला. मुंबईत त्यावर बरीच टीका झाली.

जानेवारी १९३४मध्ये तोडगा निघाला आणि १२ जुलैला लंडनमध्ये त्यावर सह्या झाल्या. जपानी कापडावरची जकात पन्नास टक्क्यांवर आली. जपानने वर्षाला दहा लाख गाठी कापूस घेतला तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड विकता येईल. पंधरा लाख गाठी घेतल्या तर जास्तीत जास्त ४० कोटी वार. एक गाठ चारशे पौंडांची. म्हणजे कापडाचा वार आणि रुईची गाठ यांना एकमेकांशी जखडून टाकलं. साम्राज्याला मित्र, शत्रू आणि गिऱ्हाईक यांच्यात निवड करता येईना, तेव्हा त्याने ती गाठींच्या संख्येवर सोपवली. कल्पना चतुर होती. बहिष्कार लगेच उठला आणि भाव सावरला.

यात निजामाच्या रयतेचं स्थान काय? शून्य. संस्थानाला स्वतःची करोडगिरी होती, पण बंदरावरची जकात ठरवणार ब्रिटिश हिंदुस्थान. बार्शीच्या वाटेला लागलेल्या गाडीवाल्याला शेकडा पाच द्यावेच लागत. वर सिमल्यात त्याच्या मालाचा सौदा होई तो त्याच्या राजाच्याही अखत्यारीबाहेर. आणि प्रजा म्हणून तो ना ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळाचा मतदार, ना हैदराबादेत निवडून दिलेलं मंडळ. पुढे अंबाजोगाईत शाळामास्तर झालेले स्वामी रामानंद तीर्थ थोड्याच वर्षांत निजामाविरुद्धच्या ज्या लढ्याचे नेते झाले, त्याची मुळं अशाच बिनआवाजी जगण्यात होती.

१९३७ साली जपान चीनमध्ये शिरल्यावर काँग्रेसने जपानी मालावर बहिष्काराची हाक दिली आणि १९३८ साली वैद्यकीय पथक चीनला पाठवलं; सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर त्यात होते. सरकार मात्र जपानला चुचकारत कापूस विकत राहिलं. २६ जुलै १९४१ रोजी, जपानी फौजा दक्षिण इंडोचीनमध्ये उतरत असताना, ब्रिटन आणि अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि अठ्ठेचाळीस वर्षांची मुंबई-कोबे वाट बंद पडली. पाचच महिन्यांत, ८ डिसेंबरच्या पहाटेआधी, पर्ल हार्बरच्या थोडं अगोदर, जपानी सैन्य मलायाच्या कोटा भारूला उतरलं. तिथल्या विमानतळाच्या रक्षणाला होती निजामाची पलटण, पहिली हैदराबाद इन्फन्ट्री.

इकडे आखूड धाग्याच्या कापसाला गिऱ्हाईक उरलं नाही. १९४२च्या सुरुवातीला सरकारने आयात कापसावर पौंडाला एक आणा जादा जकात बसवून या शेतकऱ्यांसाठी निधी उभारला आणि कापूस कमी करून धान्य पेरा, असा प्रचार चालवला. ब्रह्मदेश पडल्यामुळे तिथला तांदूळही बंद झाला होता, तेव्हा ज्वारीला भाव होताच.

युद्धानंतर चित्र पुन्हा उलटं झालं. फाळणीने सिंध आणि पश्चिम पंजाबचा चांगला कापूस पाकिस्तानात गेला आणि भारतातल्या गिरण्यांनाच रुई कमी पडू लागली. निर्यातीवर कोटा बसला. ९ जून १९५२ रोजी भारताने जपानशी स्वतंत्र शांतता करार केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईवरचा हक्क सोडला. ओसाकाच्या गिरण्या तोवर अमेरिकी कर्जावर मिळालेला अमेरिकी कापूस कातायला लागल्या होत्या, आणि बीड जिल्हा निजामाच्या राज्यातून सुटून हिंदी संघराज्यात आला होता.